चोर आला तर गोळी घालायची का? गोव्यातल्या पर्वरीच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

शेट्ये काका (ए-१०१): मंडळी, मागच्या रो-बंगलोत पहाटे कोण तरी खिडकीचं ग्रिल कापत होते म्हणे, कुत्रा भुंकला म्हणून पळाले. आता पुढची पाळी आपलीच. माझं मत स्पष्ट आहे, आपण तिघाचौघांनी बंदुकीच्या लायसन्ससाठी अर्ज टाकायचा आणि रात्री त्यातली एक वॉचमनकडे द्यायची. एकदा ठो आवाज झाला की परत कोण फिरकणार नाही.

कामत वहिनी (सेक्रेटरी): काका, आपला वॉचमन रात्री दोनला खुर्चीत घोरत असतो. त्याच्या हातात बंदूक दिली तर मी चोरापेक्षा त्यालाच घाबरेन.

गावस (सी-२०४): आमच्या सत्तरी तालुक्यातल्या घरी बाबांची ठासणीची बंदूक आहे, शेती संरक्षणाची. पडूनच असते. हाडूं काय हांगा (आणू का इथं)?

ॲड. प्रभुदेसाई (बी-३०२): गावस, ती जिथं आहे तिथंच राहूदे. ते लायसन्स शेतासाठी आणि बाबांच्या नावावर, तू ती गाडीत घालून पर्वरीला आणलीस की चोर राहिला बाजूला, आधी तुझ्यावरच आर्म्स ॲक्ट. बिगरलायसन्सची बंदूक जवळ सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारण दोन ते पाच वर्षं. वॉचमनचं पण तेच काका, लायसन्स माणसाला मिळतं, खुर्चीला नाही, त्यावर आज हा बसेल उद्या तो.

गावस (सी-२०४): बरं, मग रानडुकराला तरी मारायला होतं ना, त्यासाठीच तर घेतलेली

ॲड. प्रभुदेसाई (बी-३०२): वनखात्याला विचारल्याशिवाय तेही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना मारलं तर माफ आहे, केळी खाल्ली म्हणून मारलं तर ते माफीत बसत नाही. म्हणजे बघ, डुकराच्या बाबतीत पण कायदा जीव आणि माल वेगळे धरतो, मग माणसाच्या बाबतीत धरणार नाही का?

शेट्ये काका (ए-१०१): अहो पण स्वसंरक्षणाचा हक्क म्हणून काय आहे की नाही?? का आपण फक्त टॅक्स भरायचा आणि चोराला चहा विचारायचा

ॲड. प्रभुदेसाई (बी-३०२): आहे ना काका, चांगला भक्कम आहे. पूर्वी आयपीसी म्हणजे भारतीय दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४. स्वतःचं शरीर पण वाचवता येतं आणि मालमत्ता पण, नुसती स्वतःची नाही, दुसऱ्याची सुद्धा. पण मालमत्तेसाठी समोरच्याचा जीव जाईपर्यंत जाता येतं ते चारच प्रसंगी, कलम ४१ मध्ये दिलेत: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग नाहीतर स्फोटक लावणं, आणि चौथं म्हणजे चोरी, नासधूस किंवा घरात घुसणं अशा पद्धतीनं चाललंय की आता आपण हक्क वापरला नाही तर कोणाचा जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी. बाकी सगळ्या वेळी चोराला अडवा, पकडा, गरजेपुरता मार बसला तर बसला, पण जीव घ्यायचा नाही.

नाईक (ए-३०३): म्हणजे पार्किंगमधून माझी स्कूटर ढकलत नेतोय आणि मी बाल्कनीतून बघतोय

ॲड. प्रभुदेसाई (बी-३०२): तर ओरड, लाईट लाव, ११२ फिरव, खाली जाऊन धर. गोळी घातलीस तर स्कूटर चोरीला जाणारच नाही, पण तू जाशील, कोलवाळच्या तुरुंगात 😀 आणि नुसती कंपाऊंडवरून उडी मारली म्हणजे घरफोडी होत नाही, घरफोडी म्हणजे घरात घुसणं. ग्रिल कापून हॉलमध्ये आलेला माणूस वेगळा आणि नारळाच्या झाडाखाली उभा असलेला वेगळा.

ऋत्विज (सी-१०१): पण माझा मामा टेक्सासला असतो, तो सांगतो तिकडे रात्रीच्या साध्या चोराला पण गोळी घातलेली चालते

ॲड. प्रभुदेसाई (बी-३०२): मामा अर्धं बरोबर सांगतो. टेक्सासच्या पीनल कोडमध्ये ९.४२ म्हणून कलम आहे, त्यात रात्रीची चोरी येते, पण माल दुसऱ्या कुठल्या मार्गानं वाचणार नाही असं मानायला सबळ कारण हवं, त्या अटीचं मामा बोलत नाही. आणि ते टेक्सासचं. मामाच्या व्हिडिओ कॉलवर इथला पोलीस इन्स्पेक्टर जामीन देत नाही.

शेट्ये काका (ए-१०१): ठीक आहे, हवेत एक फायर करायचा, नुसता घाबरवायला. त्याला तर हरकत नसावी

ॲड. प्रभुदेसाई (बी-३०२): चहूबाजूनी फ्लॅट, पलीकडे हायवे, हवेत गेलेली गोळी कुठं तरी खाली येणारच. निष्काळजीपणे गोळी झाडून लोकांचा जीव धोक्यात घातला तर आर्म्स ॲक्टच्या कलम २५(९) खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. चोराला धक्काही लागला नसला तरी.

कामत वहिनी (सेक्रेटरी): समजा खरंच घरात घुसला आणि खरंच गोळी घालावी लागली, तर? सुटतो ना माणूस?

ॲड. प्रभुदेसाई (बी-३०२): वहिनी, हाच खरा प्रश्न आणि लोकांना वाटतं हक्क आहे म्हणजे पोलीस येऊन शाबासकी देतात. माणूस मेलाय, त्यामुळे एफआयआर होणार, पंचनामा होणार, बंदूक जप्त होऊन फॉरेन्सिकला जाणार, लायसन्सवर गंडांतर, अटक पण होऊ शकते. मग कोर्टात तुम्ही हक्कात बसत होता हे तुम्ही दाखवायचं, साक्ष अधिनियमाचं कलम १०८, संशयापलीकडे नाही दाखवावं लागत, तुमचं म्हणणं जास्त संभवनीय वाटलं की पुरे, पण तिथपर्यंत किती तारखा पडतील ते माझ्यासारख्या वकिलाला विचारू नका. कोर्ट निष्ठुर आहे असंही नाही, दर्शन सिंग वि. पंजाब या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की अचानक संकटात सापडलेल्या माणसानं गणित मांडून नेमकं मोजकंच बळ वापरावं ही अपेक्षा चुकीची. पण पोस्टमॉर्टेममध्ये गोळी पाठीत निघाली तर काय सांगणार? रात्रीच्या घरफोडीत हा हक्क तो माणूस घरात आहे तोवर. उडी मारून पळत सुटला की त्याच्या मागून झाडलेली गोळी म्हणजे राग. तुम्ही प्रामाणिकपणे हक्काच्या पुढे गेलात, मारायचा आधीपासून बेत नव्हता हे पटलं तर खुनातून सदोष मनुष्यवधावर येतं, म्हणजे न्याय संहितेच्या कलम १०१ चा दुसरा अपवाद. पण ती पण सजाच, दहा वर्षांपर्यंत, प्रसंगी जन्मठेप.

नाईक (ए-३०३): मग बंदूक नको, कंपाऊंडच्या तारेत रात्री करंट सोडूया. ना फायर ना लायसन्स

ॲड. प्रभुदेसाई (बी-३०२): देवा. हे बंदुकीपेक्षा वाईट, कारण बंदूक धरणारा निदान समोर कोण आहे ते बघतो. चेरुबिन ग्रेगरी वि. बिहार, १९६३ सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाच. शेजारच्या बाईच्या संडासाची भिंत कोसळली म्हणून ती ग्रेगरीच्या संडासात यायला लागली, यानं वाटेत उघडी तांब्याची तार लावून करंट सोडला, बाई मेली. तो म्हणाला माझी जागा, ती न विचारता आली. कोर्ट म्हणालं परवानगीशिवाय आलेला माणूस म्हणजे काही कायद्याच्या संरक्षणाबाहेरचा नव्हे, आणि शिक्षा कायम. ऋत्विजच्या मामाच्या देशात पण, आयोवात, ब्रायनी नावाच्या जोडप्यानं रिकाम्या घराच्या दाराला शॉटगन बांधून ठेवलेली, जुन्या बाटल्या चोरायला आलेल्याचा पाय फुटला आणि १९७१ मध्ये कोर्टानं त्याची ३० हजार डॉलरची भरपाई कायम केली.

शेट्ये काका (ए-१०१): चोराला भरपाई!!! कलियुग

गावस (सी-२०४): आणि काका, लायसन्स मिळालं तरी इलेक्शन आलं की पोलीस स्टेशनात बंदूक जमा करायची नोटीस येते, आमच्या बाबांचे अर्धे हेलपाटे त्यातच. तेव्हा चोरांना सांगणार काय, आचारसंहिता संपली की या?

कामत वहिनी (सेक्रेटरी): बरं, आता कामाचं. बी विंगच्या मागे लाईट कधीपासून बंद आहे, मागच्या गेटला लॅच नाही, भाडेकरूंचे व्हेरिफिकेशनचे फॉर्म अर्ध्या फ्लॅट मालकांनी दिलेले नाहीत आणि कॅमेऱ्याचं कोटेशन ग्रुपवर टाकलं तेव्हा सगळे गप्प होते. रविवारी मीटिंग ठेवते, तोवर रात्री काही दिसलं तर खाली धावू नका, दार आतून लावून ११२ करा आणि ग्रुपवर टाका.

शेट्ये काका (ए-१०१): येतो मीटिंगला. पण वॉचमन बदलायचा मुद्दा अजेंड्यावर घ्या, आणि लाईटचे पैसे सगळ्यांनी, फक्त बी विंगनी नाही.

नाईक (ए-३०३): लाईट बी विंगच्या मागे आहे ना काका

शेट्ये काका (ए-१०१): पण स्कूटर तुझी तिथंच असते रे