फवारणीनंतर रक्त तपासलं, रिपोर्ट नॉर्मल म्हणतात पण बाबांचा त्रास जाईना

वावरकर_वणी
नमस्कार मंडळी. बाबा ५८ वर्षांचे, घरी पऱ्हाटी अन् तूर. मागच्या आठवड्यात प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनवालं मिक्स औषध मारलं, पंप पाठीवर गळत होता तरी तसंच रेटलं. तेव्हापासून डोकं दुखते, मळमळ होते, हातापायात जीव नाही म्हणतात. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्तात कोलिनेस्टरेज (असं विष अंगात गेलं की घटते ते एन्झाइम) पाहायला सांगितलं. आलं ५६००, बाजूला रेंज छापली ५३२० ते १२९२०. लॅबवाला म्हणे नॉर्मल आहे, जा घरी. मंग त्रास काहून होते? अन् वरून म्हणे मोठं पॅकेज करून घ्या, त्यात कॅन्सरचे मार्कर पण आहेत, अंगात किती विष आहे सगळं कळते. करू का?

शिवारातला_गडी
भाऊ दूध-गूळ द्या, उतरते. आमच्याकडे सगळे तेच करतात.

रक्तपिपासू_लॅबवाला (टेक्निशियन आहे म्हणून नाव असं, घाबरू नका)
दूध-गुळानं काही उतरत नाही राजेहो. आधी महत्त्वाचं. डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला, छाती भरल्यासारखी झाली तर रिपोर्टची वाट पाहू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या आणि औषधाचा डबा सोबत न्या. अ‍ॅट्रोपिन (या विषावरचं औषध) लक्षणं बघून देतात, रिपोर्ट बघून नाही.

आता ५६०० चं. हे एन्झाइम प्रत्येकाचं जन्मापासून वेगळं असतं, कुणाचं ६००० तर कुणाचं ११०००, म्हणून रेंज एवढी रुंद छापावी लागते. बाबांचं मुळात १०००० असेल तर ५६०० म्हणजे जवळपास अर्धं गेलं, तरी कागदावर नॉर्मलच दिसणार! उलट मुळातच ६००० असेल तर काहीच झालेलं नाही. जुना आकडा नसेल तर या एका आकड्यावरून मी तरी काही बोलणार नाही. शिवाय रिपोर्टवर बघा, सीरम किंवा स्यूडो लिहिलं असेल. ते लिव्हरमध्ये बनतं, त्यामुळे कावीळ, दारू, कुपोषण यानंही घटतं. लाल पेशींमधलं अ‍ॅसिटाइल कोलिनेस्टरेज हे नसांमधल्या एन्झाइमच्या जास्त जवळचं, पण ते आपल्याकडे सगळीकडे होत नाही, आणि नमुना थंड ठेवला नाही तर नळीतच औषधाची क्रिया चालू राहते, आकडा चुकतो.

फ्रेस्नोचा_मराठी
वरच्या लॅबवाल्या दादांना अनुमोदन. मी कॅलिफोर्नियात शेतीच्याच कामात आहे. इथे हा नियमच आहे, १९७४ पासून. ऑर्गॅनोफॉस्फेट (प्रोफेनोफॉस त्यातलंच) किंवा कार्बामेट गटातली कीटकनाशकं नियमित हाताळणाऱ्या माणसाचं रक्त आधी, महिनाभर औषधाशी संबंध नसताना, घेऊन ठेवतात आणि पुढचा प्रत्येक आकडा त्याच्या स्वतःच्या त्या आकड्याशी ताडतात, छापील रेंजशी नाही. ८० टक्क्यांच्या खाली आला की कामाची पद्धत तपासायची, लाल पेशींतला ७० किंवा प्लाझ्मातला (सीरमवाला तोच) ६० टक्के किंवा त्याखाली गेला की माणसाला फवारणीवरून काढायचं आणि परत ८० झाल्याशिवाय घ्यायचं नाही.
बाबांचं आता उलट्या बाजूनं करा. फवारणी पूर्ण बंद, आणि दीड-दोन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये तीच टेस्ट. वर चढला तर समजा आता पडलेला होता.

दारव्ह्याचा_पाटील
एक गोष्ट सुटून राहिली. ही टेस्ट फक्त ऑर्गॅनोफॉस्फेटवाल्या औषधांसाठी (कार्बामेटचंही दिसते पण ते काही तासांत उतरते, रक्त उशिरा काढलं की हाती काही नाही). २०१७ ला आमच्या यवतमाळात वीसच्या वर माणसं गेली, शेकडो भरती झाली, कित्येकांना दिवसभर दिसत नव्हतं. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, पॉवर पंपाचा धुरळा थेट तोंडावर. सरकारनं तेव्हा काही दिवसांसाठी पाच औषधांवर बंदी टाकली, त्यात मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, प्रोफेनोफॉसचं मिक्स होतं तसं डायफेन्थियुरॉनही होतं. डायफेन्थियुरॉन कोलिनेस्टरेजला हातच लावत नाही. ते मारून माणूस आडवा पडला तरी ही टेस्ट चांगलीच येईल. अन् आपण तर एका टाकीत तीन-तीन डबे ओततो.

वावरकर_वणी
धन्यवाद सगळ्यांना. अन् कॅन्सरच्या मार्करचं?

रक्तपिपासू_लॅबवाला
पैसे वाचवा. अंगात किती विष आहे हे सांगणारी एक टेस्ट अस्तित्वात नाही, आणि धडधाकट माणसात ते मार्कर थोडे वर आले तर नुसती धावपळ. क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हर, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, बस.
अभ्यास मात्र झालेत. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या फवारणीवाल्यांवर १९९३ पासून मोठा अभ्यास चालू आहे. त्यातल्या काही पुरुषांचं रक्त तपासलं, २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले, तर मायलोमा या कॅन्सरच्या आधी रक्तात दिसणारं एक जादा प्रोटीन (एमजीयूएस म्हणतात त्याला) तिथल्या दुसऱ्या एका भागातल्या पुरुषांपेक्षा यांच्यात जवळपास दुप्पट सापडलं. पण ज्यांच्यात सापडतं त्यातल्या वर्षाला शंभरात एकालाच पुढे आजार होतो. बाबांना हाडदुखी, अ‍ॅनिमिया असं काही असेल तर डॉक्टर स्वतःच इलेक्ट्रोफोरेसिस (ते प्रोटीन शोधायची टेस्ट) सांगतील.

वावरकर_वणी
अपडेट देतो, उशीर झाला. दोन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये केलं, ९१०० आलं. म्हणजे तेव्हा ३८ टक्के पडलं होतं अन् कागदावर नॉर्मल! लॅबवाल्याला दाखवलं तर म्हणे दोन्ही रेंजमध्येच आहे ना. डोकेदुखी थांबली, बाबा आता पंप उचलायला तयार. मी नाही म्हटलं तर म्हणतात मजूर लावू.

दारव्ह्याचा_पाटील
मजुराचं रक्त काय वेगळं हाय काय बाप्पा? तो तर आज तुमच्या वावरात, उद्या दुसऱ्याच्या. मृगाच्या आधी बाबांसोबत त्याचंही तपासून घ्या, खर्च तुम्हीच द्या, कागद जपून ठेवा. अन् तो गळका पंप आधी दुरुस्त करा.