ऑनलाइन सर्व्हायव्हल गेमला सिंगल प्लेयर मोड द्यायचाय. सर्व्हर आत घ्यावा की वेगळा गेम लिहावा?

करवंदाची_जाळी

नमस्कार मंडळी,

कर्वेनगरला मित्राच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही तिघं मिळून एक सर्व्हायव्हल गेम करतोय. जागा आपल्या सह्याद्रीतलीच. वर पडका किल्ला, खाली रान, मधून वाहणारा ओढा आणि माणसं उठून गेलेली एक वाडी. लाकूड तोडा, भट्टी लावा, आडोसा उभा करा, आणि मुख्य म्हणजे किल्ल्यावरचं पाण्याचं टाकं दुसऱ्या टोळीच्या हाती जाऊ देऊ नका. सगळं ऑनलाइन. गेम बनवायचं इंजिन युनिटी, त्यावर नेटवर्कसाठी मिरर ही लायब्ररी, भाड्याचा डेडिकेटेड सर्व्हर (फक्त गेमचं जग चालवणारी वेगळी मशीन), आणि जगाची नोंद पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये.

ओळखीच्या लोकांना खेळायला दिल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, एकट्याला खेळता येईल का? विचारणाऱ्यांत माझा मावसभाऊ पहिला. तो वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावात राहतो. घरात रेंज नाही, अंगणाच्या कोपऱ्यात थोडी मिळते. लॅपटॉप आहे, रात्री वेळही आहे. कोणत्या महिन्यात कोणतं गवत वाळतं, कातळावर शेवाळ कुठपर्यंत चढतं, हे सगळं मी त्यालाच विचारून गेममध्ये घातलं. आणि त्याच्याच स्क्रीनवर गेम 'कनेक्ट होत आहे'च्या पुढे सरकत नाही. त्याला हा गेम खेळता यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

डिझाइन बघणारा आमचा भागीदार मात्र नको म्हणतो. त्याच्या मते या गेममधली भीती माणसाची आहे. टाक्यावर पाणी भरताना पाठीमागे पाऊल वाजतं, त्यासाठी लोक येतात. माणसं काढली की उरते नुसती लाकूडतोड. त्याचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही, म्हणून इथे विचारतोय. आणि तांत्रिक बाजूने, सिंगल प्लेयरसाठी वेगळं कोड लिहायचं की आहे तोच सर्व्हर गेमच्या आत चालवायचा? कुणी हे काम केलं असेल तर सविस्तर सांगा.

बाणेरचा_होस्ट

वेगळं कोड अजिबात लिहू नका. मी नेटवर्किंगमध्येच काम करतो आणि याबद्दल माझं मत पक्कं आहे.

माइनक्राफ्टचं उदाहरण घ्या. त्यात आधी एकट्याचा खेळ आणि सर्व्हरवरचा खेळ अशा दोन वेगळ्या वाटा होत्या. एकीकडे दुरुस्त केलेली गोष्ट दुसरीकडे तशीच बिघडलेली राहायची. ऑगस्ट २०१२ मध्ये १.३ आवृत्ती आली तेव्हा त्यांनी एकट्याचा खेळही आतल्या आत एक सर्व्हर चालवूनच खेळवायला सुरुवात केली. एवढा मोठा गेम दोन वाटा सांभाळू शकला नाही, तुम्ही तर तिघंच आहात.

मिररमध्ये होस्ट मोड आयताच आहे. एकाच प्रोसेसमध्ये सर्व्हरही चालतो आणि क्लायंटही, म्हणजे खेळणाऱ्याच्या बाजूचा गेम. सर्व्हरने बाहेरचं कनेक्शन ऐकूच नये असंही सांगता येतं, ते नक्की करा. नाहीतर गेम पहिल्यांदा उघडताना विंडोजची फायरवॉल परवानगी मागायला येते, आणि एकट्याने खेळायला बसलेल्या माणसाला कळत नाही की हा गेम नेटवर्क कशाला मागतोय.

आता अडचणी कुठे येतील ते सांगतो. पहिली म्हणजे होस्टवर 'मी सर्व्हर आहे' आणि 'मी क्लायंट आहे' ही दोन्ही उत्तरं 'हो' येतात. तुमचं कोड आजवर एका वेळी एकच 'हो' गृहीत धरून लिहिलेलं असणार. मग कुऱ्हाडीचा आवाज दोनदा येतो, एका घावाला दोन घावांचं नुकसान होतं. हे शोधायला कंटाळवाणं असतं, पण सापडतं सगळं. दुसरी, सर्व्हरचं कोड फक्त सर्व्हर बिल्डमध्येच (सर्व्हरसाठी तयार केलेल्या गेमच्या प्रतीतच) कंपाइल व्हावं अशी अट तुम्ही घातली असेल, तर ते क्लायंटमध्ये मुळात नसेलच. ती अट काढली की जगाचे सगळे नियम खेळणाऱ्याच्या मशीनवर जाणार. जाऊ देत. एकट्याच्या जगात कुणी फसवाफसवी केली तर कुणाचं काय बिघडतं? अट एकच ठेवा, ऑफलाइन जगातलं पात्र किंवा सामान ऑनलाइन सर्व्हरवर कधीही येता कामा नये. दोन कपाटं, मधे दार नाही. आणि फसवणूक पकडणारं कोड, खात्यांचं कोड हे मात्र सर्व्हर बिल्डमध्येच राहू द्या.

तिसरी गोष्ट लॉगिनची. तुमच्या भावाला जग सुरू करायच्या आधीच अडवलंय. मुख्य मेनू नेटशिवाय उघडला पाहिजे. खातं तपासणं हे 'ऑनलाइन खेळा' बटण दाबल्यावरचं काम आहे, त्याच्या आधीचं नाही. नाइटिंगेल हा सर्व्हायव्हल गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये फक्त ऑनलाइन म्हणून आला, लोकांनी एवढी तक्रार केली की त्याच वर्षी त्यात ऑफलाइन मोड घालावा लागला. तुमच्याकडे अजून वेळ आहे, आत्ताच करा.

चाकण_रातपाळी

मी कोड लिहीत नाही, खेळतो. चाकणला शिफ्टमध्ये काम करतो, त्यामुळे मित्रांच्या वेळा आणि माझ्या वेळा जुळत नाहीत. मी झोपलेला असताना माझा बेस लुटला जातो. रस्ट या ऑनलाइन सर्व्हायव्हल गेममध्ये हे इतकं सोसलंय की आता मी सर्व्हर निवडतानाच घाबरतो. मी एकटा खेळतो तो मित्र नाहीत म्हणून नाही. सकाळी सातला घरी आल्यावर दीड तास माझा असतो, त्यात मला कुणाशी भांडायचं नसतं.

माझी मागणी एकच, पॉझ. खराखुरा पॉझ. घरात सहा महिन्यांची मुलगी आहे. ती उठली की मी उठणार, मग अंगावर बिबट्या येऊ दे नाहीतर दरड. मेनू उघडलाय पण मागे जग चालूच आहे, अशा गेमला मी सिंगल प्लेयर म्हणणार नाही. वॉलहाइम या सर्व्हायव्हल गेममध्येसुद्धा एकट्याने खेळताना पॉझ सुरुवातीला नव्हता, नंतर दिला. तुम्ही पहिल्या दिवसापासून द्या.

आणि दुसरं, लाइट. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, कधी न सांगताही जाते. माझा लॅपटॉप जुना, बॅटरी मेलेली. सेव्ह होत असतानाच लाइट गेली आणि फाइल खराब झाली तर मी तो गेम परत उघडत नाही. तेवढं धैर्य राहत नाही.

टेकडीवरची

तुमच्या भागीदाराची बाजू घेते, कारण त्याने खरा प्रश्न विचारलाय. होस्ट मोडने गेम सुरू होईल, पण तो खेळावासा वाटेल का ते त्याने ठरत नाही. फॉलआउट ७६ हा ऑनलाइन गेम नोव्हेंबर २०१८ मध्ये आला तेव्हा त्यात बोलणारी माणसं ठेवलीच नव्हती, ती जागा खेळणाऱ्यांनी भरावी अशी अपेक्षा होती. जग ओसाड वाटतं, ही तक्रार लगेच सुरू झाली. शेवटी एप्रिल २०२० मध्ये त्यांनी माणसं परत आणली. दुसऱ्या खेळणाऱ्यावर जे ओझं टाकलेलं असतं ते तो नसताना कुणीतरी उचलावं लागतं.

तुमच्याकडे ते उचलणारा आहे. ऋतू.

आपल्याकडचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने साठवलेल्यावर. इतर देशांतल्या सर्व्हायव्हल गेममध्ये थंडी मारते, आपल्याकडे आधी पाणी आटतं आणि मग तेच पाणी कोसळतं. एकट्याच्या खेळात टाक्यावर टोळी नको, टाक्याची पातळीच उतरू द्या. फेब्रुवारीत पायरीपर्यंत पाणी, एप्रिलमध्ये आणखी चार पायऱ्या खाली, मेमध्ये तळाशी हिरवट डबकं, ते गाळून उकळल्याशिवाय पिता येत नाही. आणि त्या डबक्यावर फक्त तुम्हीच अवलंबून नाही. रात्री बिबट्याही तिथेच येतो, रानडुकरंही. पाठीमागे पाऊल वाजायची भीती तुमच्या भागीदाराला हवी आहे ना? ती इथे आहे.

मग मृगाच्या आधीची बेगमी. लाकूडतोड कंटाळवाणी का होते? कारण लाकूड कधीही मिळतं. जूननंतर रानातलं सगळं लाकूड ओलं असू द्या, भट्टीत धूर होईल, जाळ होणार नाही. मे महिन्यात करवंदं-जांभळं खाऊन दिवस ढकलायचे, छपरावर गवत चढवायचं आणि सरपण आत रचायचं. ढग जमायला लागले की लाकूडतोड हाच गेममधला सगळ्यात धडधडीचा भाग होईल. यासाठी नवा शत्रू लागत नाही, असलेल्याच गोष्टींना तारखा द्यायच्या आहेत.

आकडे मात्र बदलावे लागतील. आर्क या डायनासोरांच्या सर्व्हायव्हल गेममध्ये एकट्याने खेळणाऱ्यासाठी वेगळी सेटिंग दिलीय, ती लावली की प्राणी माणसाळवायला आणि वाढवायला लागणारा वेळ खाली येतो, कारण मूळ आकडे टोळीने पाळ्या लावून खेळण्यासाठी धरलेले. तुमच्याही भिंतीची किंमत पाच जणांच्या हातांची असणार. ती नुसती पाचाने भागू नका. एकट्याला फेऱ्या जास्त पडतात, राखण करायला कुणी नसतं, एक जण बांधताना दुसरा स्वयंपाक करतोय असंही नसतं. वजन उचलायची मर्यादा थोडी वाढवा, भट्टीचा वेळ कमी करा, घाव आहेत तेवढेच ठेवा. हाताला कष्ट जाणवले पाहिजेत.

अजून एक, आवाज. ऑनलाइनमध्ये हेडफोनवर माणसांची बडबड असते, तुमचं रान कुणी ऐकलेलंच नसणार. पहाटे वेताळ टेकडीवर जा, मोर ओरडतात, टिटव्या असतात. एकट्याने खेळणारा ते शेवटपर्यंत ऐकतो. त्यावर मेहनत घ्या.

करवंदाची_जाळी

ताई, तुमचं उत्तर भागीदाराला मोठ्याने वाचून दाखवलं. टाक्याच्या पायऱ्यांपाशी तो थांबला आणि वही ओढली. सध्या तो महिन्यांचा तक्ता काढतोय, नको म्हणणं बंद झालंय.

दादा, होस्ट मोड सुरू झाला. आवाज दोनदा येतात, अगदी तुम्ही म्हणालात तसे, ते काढतोय. चाकणच्या मित्राने मागितलेला पॉझ मात्र विचित्र वागतोय. टाइमस्केल (गेममधला वेळ किती वेगाने चालतो तो आकडा) शून्य केला की पात्र थांबतं, बिबट्या थांबतो, पाऊस हवेत थांबतो. पण भट्टीत लोखंड टाकून पॉझ केलं, चहा पिऊन आलो आणि पॉझ काढला, तर लोखंड तयार! झोपडीचं छप्परही तेवढ्यात जास्त कुजलेलं. असं का?

बाणेरचा_होस्ट

कारण तुमची भट्टी भिंतीवरचं घड्याळ बघते. लोखंड टाकलं त्या क्षणाची खरी वेळ डेटाबेसमध्ये लिहिली जाते आणि नंतर आत्ताच्या वेळेतून ती वजा होते. चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरवर हे बरोबरच आहे, खेळणारा झोपलेला असला तरी भट्टी जळत राहिली पाहिजे. टाइमस्केलचा त्या घड्याळाशी काहीही संबंध नाही.

उपाय असा करा. जगाचं स्वतःचं एक घड्याळ ठेवा, एकच आकडा, जग सुरू झाल्यापासून किती सेकंद चालले. भट्टी, कुजणं, पिकं, पाण्याची पातळी, सगळ्यांनी वेळ विचारायची ती यालाच. ऑनलाइन सर्व्हरवर हा आकडा खऱ्या वेळेबरोबर पुढे जाईल, एकट्याच्या खेळात पॉझमध्ये थांबेल आणि गेम बंद असताना सेव्ह फाइलमध्ये पडून राहील. कोडमध्ये जिथे जिथे सिस्टिमची वेळ थेट वाचली आहे ते शोधून प्रत्येक ठिकाणी बदला. टेकडीवरच्या ताईंचे ऋतू याच आकड्यावर बसतील, नाहीतर कुणी महिनाभर खेळला नाही की परत आल्यावर टाकं कोरडं.

एक अपवाद ठेवा. मेनूचं अॅनिमेशन आणि पॉझच्या पडद्यावरची बटणं टाइमस्केल न मानणाऱ्या वेळेवर चालवा, नाहीतर पॉझमधून बाहेर यायचं बटणच गोठेल.

सेव्हबद्दल रातपाळीवाल्या मित्राचं म्हणणं गांभीर्याने घ्या. खेळणाऱ्याच्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस बसवता येणार नाही, तिथे एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस वापरा, एका जगाची एक फाइल. त्यातले व्यवहार, म्हणजे एकत्र लिहायच्या नोंदी, पूर्ण होतात किंवा होतच नाहीत, लाइट मध्येच गेली तरी आधीची स्थिती शाबूत राहते. साध्या फाइलमध्ये लिहायचं ठरलं तर नवं सेव्ह आधी वेगळ्या नावाने पूर्ण लिहा, डिस्कवर उतरल्याची खात्री करा, मगच नाव बदलून जुन्याच्या जागी ठेवा. चालू फाइलवर थेट कधीच लिहू नका. आणि मागची दोन-तीन सेव्ह ठेवून द्या, जागा कितीशी लागते.

जुन्या मशीनची काळजी करू नका. सर्व्हरला सगळ्या खेळणाऱ्यांभोवतीचं रान जागं ठेवावं लागतं, इथे एकाच माणसाभोवतीचं. लांबचे प्राणी झोपवून ठेवा, जवळ आल्यावर जगाच्या घड्याळावरून त्यांचा हिशेब करा.

चाकण_रातपाळी

चाचणीसाठी माणूस हवा असेल तर मी आहे. जुना लॅपटॉप, मेलेली बॅटरी, सगळं तयार आहे. सेव्ह होताना मुद्दाम वायर काढून बघतो.

करवंदाची_जाळी

पाठवतो. घड्याळाचा बदल आधी पूर्ण करतो, मग एसक्यूलाइट, मग बिल्ड. पहिल्या बिल्डमध्ये फक्त फेब्रुवारी ते जून एवढेच महिने असतील, पाऊस सुरू झाला की खेळ तिथे थांबेल. वायर नक्की काढा, आणि भट्टी पेटलेली असतानाच काढा.