सल्ला हवा: ग्रामीण रुग्णालयासमोर व्हेंडिंग मशीन, बजेट सव्वा लाख

संत्राबाग_वरुड
नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यात ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकासमोर आमचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. रात्री नऊपर्यंत अख्खी ओळ बंद होते. त्यानंतर बाळंतपणाला आलेल्या बाईची सासू, साप चावलेल्या माणसाला घेऊन आलेले शेजारी, सगळे बिस्किटाच्या पुड्यासाठी आणि पाण्याच्या बाटलीसाठी अंधारात फिरत असतात. पॅडसाठी तर रात्री-बेरात्री आमच्या घराचं दार वाजवतात, आणि मागताना बायांना किती अवघड होतं ते मी बघते. शटरच्या बाजूला ओटा आहे, वर पत्रा आहे. तिथे पैसे भरले की आपोआप माल देणारं मशीन बसवावं असं मनात आहे.

बजेट सव्वा लाख, त्याच्या वर नाही. कर्जही नको. थंड करणारं घ्यावं की साधं? नवीन की वापरलेलं? नुसतं यूपीआय पुरेल की नाणीही हवीत? मुंबई-पुण्याच्या कंपन्यांच्या ऑफिसातले अनुभव नकोत, आपल्याकडचे सांगा.

खामगाव_एक्सप्रेस
ताई, सव्वा लाखात चांगलं काही मिळत नाही. सरळ अडीच-तीन लाखांचं घ्या, काचेचं, कूलिंगचं, मोठ्या टचस्क्रीनचं. मी कॉलेजच्या आवारात असंच बसवलं आहे. मधल्या सुट्टीत पोट्ट्यांची रांग लागते. कोणता माल किती उरला ते मला घरबसल्या मोबाइलवर दिसतं, स्क्रीनवर गावातल्या क्लासेसच्या जाहिराती चालतात, त्याचे पैसे वेगळे. पुढचा जमाना याचाच आहे. स्वस्तात घ्याल तर दोनदा घ्याल.

मोटार_वाइंडर
ताई, मी वर्ध्याइकडं फ्रीज-कूलर दुरुस्तीचं काम करतो. कूलिंगचं घ्या, पण पाठीमागची पाटी वाचूनच घ्या. तिच्यावर क्लायमेट क्लास लिहेल असते. 'एन' म्हणजे बाहेरची गरमी ३२ अंशापर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८, 'टी' म्हणजे ४३. आपल्याइकडं मे महिन्यात सावलीतच ४५ होते, अन् पत्र्याखालचं तर इचारूच नका. तवा कंप्रेसर बंदच होत नाई, चोवीस तास चालू राह्यते, मंग वाइंडिंग जळते. 'टी'चं मशीन घ्या, मांगून अर्धा फूट जागा सोडा, पत्र्याले आतून थर्माकोल मारा.

दुसरी गोठ व्होल्टेजची. शेतीच्या मोटारी चालू झाल्या की १७० वर येते, बंद झाल्या की एकदम चढते. लाइट आल्यावर तीन मिनिटं थांबून मंग चालू करणारा स्टॅबिलायझर पाह्यजे. तो नसन तर लाखाचं मशीन एका उन्हाळ्यात माह्यासारख्याच्या दुकानात येते.

पूर्णाकाठ
मी म्हणतो मशीन पाण्याचंच घ्या. आमचा खारपाणपट्टा, दर्यापूरकडचा. इथे बोअरचं पाणी तोंडात घेववत नाही, म्हणून गावोगावी आरओचं वॉटर एटीएम झालं आहे. नाणं टाका नाही तर कार्ड लावा, कॅन भरून न्या. ना माल आणायची कटकट, ना एक्सपायरीची. दवाखान्यासमोर पाण्यासारखा धंदा नाही.

खामगाव_एक्सप्रेस
पाण्याचं मशीन म्हणजे प्लँट, बोअर, टाकी, सगळं आलं. रेल्वेनेही स्टेशनांवर ५ रुपयांत लिटरभर पाणी देणारी मशीनं लावली होती. त्यातली कितीतरी बंद पडली.

पूर्णाकाठ
ती बंद पडली कारण ठेकेदारांना रेल्वेचं भाडं झेपलं नाही. पाणी विकलं गेलं नाही म्हणून नाही. दोन्हींत फरक आहे. आणि आरओचं वाया जाणारं पाणी आम्ही ग्रामपंचायतीच्या झाडांना सोडतो, तेही सांगून ठेवतो, नंतर कोणी बोलायला नको.

संत्राबाग_वरुड
दादा, वरुडला पाणी गोड आहे. आणि ओटा अडीच फुटांचा आहे, त्यावर टाकी मावणार नाही. कूलिंगचं सगळं दोन लाखांच्या वरच दिसतं आहे. सव्वा लाख धरूनच सांगा ना कुणीतरी.

कडक_चहा_यवतमाळ
चहा-कॉफीचं प्रीमिक्स मशीन घ्या, वीस-पंचवीस हजारात काम होतं. माझ्या पेट्रोल पंपावर आहे. रात्री ट्रकवाले घेतात. दवाखान्यात रात्र काढणाऱ्याला चहाच लागतो.

मोटार_वाइंडर
अन् रात्री ते धुईन कोण? दुधाच्या पावडरचं मशीन रोज गरम पाण्यानं साफ करा लागते, नाई तर नळीत थर जमते. तुमच्या पंपावर माणूस हजर असते. ताईच्या ओट्यावर कोणी नाई.

नांदगाव_खंडेश्वर
मुख्य गोष्ट अजून कोणी बोललं नाही, ती म्हणजे पैसे घेण्याची यंत्रणा. मशीन कोणतंही असो, भांडणं तिथेच होतात.

दुकानात चिकटवतो तो क्यूआर व्हेंडिंग मशीनला चालत नाही. त्यात पैसे तुमच्या खात्यात येतात, साउंडबॉक्स बोलतो, पण मशीनला काही कळत नाही. मशीनच्या पडद्यावर दर खरेदीला नवा क्यूआर उमटतो. पैसे भरल्याचा निरोप कंपनीच्या सर्व्हरला जातो, तिथून मशीनमधल्या सिमकार्डाला, आणि मग माल पुढे ढकलणारी आतली स्प्रिंग फिरते. यातली एक कडी तुटली की पैसे गेले आणि माल आतच. आमच्या एसटी स्टँडजवळच्या मशीनवर मी स्वतः पाहिलं आहे. एक आजोबा नातवाचा फोन हातात धरून काचेवर थापा मारत होते. पुडा स्प्रिंगच्या टोकाला लटकलेला समोर दिसत होता. विकणाऱ्या कंपनीला फोन केला तर म्हणे ॲपवर तक्रार नोंदवा. आजोबांकडे ॲप कुठलं?

म्हणून घेण्याआधी विचारा: माल खाली पडला हे ओळखणारा ड्रॉप सेन्सर आहे का, आणि पडला नाही तर पैसे आपोआप परत जातात का. हे समोर उभं राहून करून दाखवायला सांगा. स्प्रिंगमध्ये हात घालून पुडा अडवून धरा आणि पैसे परत येतात का बघा. मोडेम ४जीचा हवा. वापरलेल्या मशीनमध्ये बऱ्याचदा २जीचा असतो, त्यात जिओचं सिम चालत नाही.

तिसरं म्हणजे वर्षाचं भाडं. आता धंद्याची रीत अशी झाली आहे की मशीन एकदा विकायचं आणि सॉफ्टवेअरचे पैसे दरवर्षी घ्यायचे. ते थकले की क्यूआर बंद, मग मशीन म्हणजे नुसतं कपाट. कंपनीच गुंडाळली तर काय? म्हणून मशीनला एमडीबी पोर्ट आहे का ते विचारा. पेमेंटची उपकरणं जोडायची ती जगभर चालणारी पद्धत आहे. ती असेल तर उद्या दुसऱ्याचं यंत्र लावता येतं.

चिखलदरा_थंड
पैसे अडकले तर बँकेकडून रोजचे १०० रुपये मिळतात, रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. घाबरायचं काही नाही.

नांदगाव_खंडेश्वर
अर्धं बरोबर. तो नियम ग्राहकाच्या खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानदाराकडे पैसे भरल्याची निश्चितीच झाली नाही, अशा व्यवहारासाठी आहे. तिथे पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये. पैसे दुकानदाराकडे पोचले आणि बिस्किट पडलं नाही, तर बँकेचा संबंध नाही. ते परत करणं ताईंवर येतं. रात्री दोन वाजता पेशंटचा नातेवाईक दहा रुपयांसाठी कुणाला फोन करणार?

खामगाव_एक्सप्रेस
माझ्याकडे असं कधी होत नाही. चांगलं मशीन घेतलं की हे प्रश्नच येत नाहीत. मुद्रा लोन काढा, किशोर गटात ५० हजार ते ५ लाख मिळतात. नाणी वगैरेच्या भानगडीत पडू नका, नाणी म्हणजे जॅम. आता भाजीवालीसुद्धा स्कॅन करते.

मृग_बहार
वरुडात राहून बिस्किटं काय विकता ताई, संत्र्याच्या ताज्या रसाचं मशीन लावा! मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये असतात, समोर फळ कापून पिळून देतात. आपला माल बागेत कवडीमोलानं जातो आणि तिकडे ग्लासाचे पन्नास-साठ रुपये घेतात. नागपुरी संत्र्याला २०१४ पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आणि आपल्याच तालुक्यात संत्र्याचं मशीन नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अंबिया_वाला
भाऊ, भावना समजते, माझीही बाग आहे. पण ती मशीनं घट्ट सालीच्या, एकसारख्या गोल फळासाठी बनवलेली असतात. आपल्या संत्र्याची साल सुटी, पोकळ. दाबलं की सालीचं तेल रसात उतरतं. आणि नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की थोड्या वेळानं कडवट होतो, त्यातल्या लिमोनिनमुळे. पिळला की लगेच प्यायला हवा. शिवाय मृग बहाराची फळं संपली की अंबिया बहाराची येईपर्यंत मधल्या महिन्यांत मशीनमध्ये काय टाकणार?

मृग_बहार
मधल्या काळात मोसंबी टाकायची. साल सोलून पिळणारं मशीन आपल्या कुणी इंजिनिअर पोरानं बनवावं, हाच तर माझा मुद्दा आहे.

पूर्णाकाठ
विषय दवाखान्याचा चालू आहे.

रात्रपाळी_सिस्टर
मी दुसऱ्या तालुक्याच्या रुग्णालयात नर्स आहे. ताईंनी लिहिलं ते शब्दन् शब्द खरं आहे. रात्री नातेवाईक काय मागतात ते सांगते: पॅड, बाळाचं डायपर, साबण, बिस्किट, पाणी, डासांची अगरबत्ती. कोल्ड्रिंक कोणी मागत नाही. डिलिव्हरी झालेल्या बाईच्या नातेवाइकांनी घाईत पॅडच आणलेले नसतात, हे मी जवळजवळ रोज बघते. आश्रमशाळांमधून पॅडची मशीनं बसवलेली आहेत, पण एकीत तर पहिला माल संपल्यावर कोणी भरलंच नाही, आता त्यावर पोरींची दप्तरं असतात. मशीन आणणाऱ्यापेक्षा रोज भरणारा माणूस महत्त्वाचा, आणि तुम्ही समोरच राहता.

ओआरएसचा विचार असेल तर टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस म्हणून ठेवू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायला मनाई केली आहे. जुलाबाच्या लेकराला ते पाजलं तर त्रास वाढतो. गोळ्या-औषधं मशीनमध्ये अजिबात नकोत.

पानठेला_आर्वी
खरं चालते ते खर्रा. रात्री दवाखान्यासमोर लोक तेच शोधतात. पुड्या ठेवा, महिन्यात मशीनचे पैसे निघतात.

रात्रपाळी_सिस्टर
तंबाखूचा कुठलाही पदार्थ व्हेंडिंग मशीनमधून विकायला कोटपा कायद्याच्या नियमांत बंदी आहे. आणि खर्रा खाऊन तोंड उघडेनासं झालेले तरुण पेशंट मी दर आठवड्याला बघते. कृपा करून असा सल्ला देऊ नका.

चिखलदरा_थंड
कूलिंगचं घेतलं तर बाटलीमागे दोन रुपये जास्त लावा, विजेचं निघून जातं.

नांदगाव_खंडेश्वर
छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, थंड करायचे म्हणूनही नाही. वैधमापनवाले, म्हणजे वजन-मापं तपासणारं खातं, दंड करतात. ताई, अन्न नोंदणी आणि व्यापारी वीज मीटर आधी बघून घ्या. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किट-नमकीनवरचा जीएसटी ५ टक्के झाला, जुना छापील माल स्वस्तात मिळतो म्हणून उचलू नका. कोल्ड्रिंकवर ४० टक्के लागतो, पण आधीही २८ आणि वर १२ सेस असा तेवढाच होता.

खामगाव_एक्सप्रेस
कूलिंग नसेल तर मशीनला अर्थच नाही, हे माझं शेवटचं मत.

मोटार_वाइंडर
कूलिंगचं मी बी म्हणतोच. फक्त 'टी' क्लास.

संत्राबाग_वरुड
सगळ्यांचे मनापासून आभार. निर्णय झाला.

कूलिंग नसलेलं घेते आहे. नागपूरच्या एमआयडीसीत एक छोटा कारखाना अशी मशीनं जोडून देतो, मी आणि हे जाऊन पाहून आलो. अठरा खाने, क्यूआर आणि नाणी दोन्ही, ड्रॉप सेन्सर, ४जी. जीएसटीसकट एक लाख आठ हजार. एमडीबी पोर्ट आहे. नांदगाववाल्या दादांनी सांगितलं तसं मी स्प्रिंग धरून ठेवली, यांच्या फोनवर पैसे परत आले. तेव्हाच होकार दिला.

नाणी ठेवते आहे, कारण रात्री येणाऱ्या म्हाताऱ्या बायांकडे फोन असलाच तर बटणांचा असतो. आणि आमच्याकडे दुकानदार १० चं नाणं घेत नाहीत, रिझर्व्ह बँक किती वेळा सांगते तरी. लोकांच्या घरी ती पडून आहेत. माझं मशीन घेणार. १० च्या नाण्याचे वेगवेगळे छाप नेऊन कारखान्यात एकेक ओळखवून घेतले.

ओट्यावर उन्हात ठेवत नाही. शटरच्या बाजूची भिंत फोडून मशीन आत बसवणार, तोंड बाहेर, पाठ दुकानात. म्हणजे पाण्याच्या बाटल्या तापणार नाहीत आणि माल आतून भरता येईल. चॉकलेट ठेवणार नाही. सिस्टर ताईंची यादी तशीच्या तशी घेतली आहे.

खामगाव_एक्सप्रेस
वर्षभरात विकायला काढाल, तेव्हा मला सांगा. दवाखान्याच्या गर्दीसमोर थंड बाटली नाही, हे मला पटत नाही.

मोटार_वाइंडर
कूलिंग नाई तं नाई, पण स्टॅबिलायझर घ्याच. बोर्ड जळला तर नागपूरची वारी होईन. वरुडात काही अडलं तर कळवा, मी येतो.

रात्रपाळी_सिस्टर
ताई, पॅडची पाकिटं खालच्या ओळीत ठेवा, वरून पडली की फाटतात. मोठं पाकीट स्प्रिंगमध्ये अडकतं, दोन-तीन पॅडचं छोटं मिळतं ते बघा. आणि तुमचा नंबर मशीनवर मोठ्या अक्षरांत मराठीत लावा, खाली रुग्णालयाच्या बाजूने दिसेल असा दिवा. आमच्या वॉर्डातून बाहेर पडल्यावर फाटकापर्यंत काळोख असतो.