बोंटेबॉक-ब्लेसबॉक संकर: कळपातून काढायचे की राहू द्यायचे?

गवताळरान:
दक्षिण आफ्रिकेतली बोंटेबॉक आणि ब्लेसबॉक ही हरणं, एकाच प्रजातीच्या दोन उपप्रजाती. पहिला केपच्या किनाऱ्याकडच्या फिनबॉस झुडपांतला, दुसरा हायवेल्ड पठाराच्या गवतातला, मधे कारूचा रखरखीत पट्टा त्यामुळे भेटच नाही. शिकारीने बोंटेबॉक इतके संपले की १९३१ मधे त्यांच्यासाठी नॅशनल पार्क काढलं तेव्हा त्यात १७ जनावरं होती. पुढे गेम फार्मवाल्यांनी (कुंपणात वन्य जनावरं पाळणाऱ्यांनी) दोघांना एका कुंपणात आणलं, पिल्लं झाली, ती पिल्लंही प्रजननक्षम निघाली. आता म्हणतात संकर जनावरं बाजूला काढा. मला हे साफ चुकीचं वाटतं. इतक्या थोड्या जनावरांतून वाढलेल्या कळपात विविधता उरणार तरी किती, थोडी बाहेरची जनुकं आली तर फायदाच आहे की!

कातळपाऊल:
अजिबात पटलं नाही. "थोडी" कुठून आणलीत? ब्लेसबॉक प्रचंड संख्येने आहेत, बोंटेबॉक त्यांच्यापुढे मूठभर, म्हणजे हा प्रवाह एकाच बाजूने वाहणार आणि बोंटेबॉक त्यात बुडून जाणार. त्यात परत संकराचा पुन्हा शुद्ध बोंटेबॉकशी जोडा लागला की एकदोन पिढ्यांत ढुंगणावरचा पांढरा पट्टा, अंगावरची जांभळट झाक सगळं अस्सल दिसायला लागतं, मग डीएनए टेस्टशिवाय कळत नाही. केपच्या हवामानात हजारो वर्षं वेगळं राहून जे घडलं ते असं घालवायचं?

मृगशीर्ष:
केनियातले वॉटरबक हे हरण बघा. त्याची दोन रूपं, कॉमन आणि डेफासा. कॉमनच्या ढुंगणावर पांढरं कडं, डेफासाच्या पूर्ण पांढरा डाग. क्रोमोसोमसुद्धा सारखे नाहीत, कॉमनमधे ५० ते ५२, डेफासामधे ५३-५४, काही क्रोमोसोम एकमेकांना जोडले गेल्याने हा फरक पडलाय. तरी नैरोबी नॅशनल पार्कच्या आसपास दोघांचा संकर होतो आणि अर्धवट कडं असलेली जनावरं दिसतात. पण एवढं होऊनही दोन्ही रूपं आपापल्या भागात टिकून आहेत.

गवताळरान:
मग हे माझ्याच बाजूचं झालं ना? जीन फ्लो (जनुकांची देवाणघेवाण) असूनही वेगळेपण टिकतं.

मृगशीर्ष:
टिकतं, पण तिथे दोघांचे मोठे प्रदेश मागे शाबूत आहेत, संकर फक्त सीमेवरच्या पट्ट्यात. कुंपणातल्या छोट्या कळपाला मागे काहीच नसतं. फरक तिथे आहे.

पाणवठा:
मला दुसऱ्या टोकाची जास्त भीती वाटते. २०११ मधे ग्रोव्ह्ज आणि ग्रब या वर्गीकरण करणाऱ्या अभ्यासकांनी क्लिपस्प्रिंगर या एकाच छोट्या हरणाच्या ११ प्रजाती केल्या. असं प्रत्येक तुकड्याला प्रजाती म्हणत गेलो तर उद्या एखादा कळप आतल्या आत प्रजननाने खंगला तरी शेजारून नर आणायची सोय राहणार नाही, लोक म्हणतील प्रजातीच वेगळी.

गवताळरान:
तेच तर सांगतोय! फ्लोरिडाच्या पँथरचं, म्हणजे तिथल्या प्युमांचं काय झालं, १९९५ मधे टेक्सासमधून ८ माद्या आणून सोडल्या तेव्हा ती संख्या सावरली. नियम सगळ्यांना एकच हवा.

कातळपाऊल:
नियम एकच लावू, चालेल. फ्लोरिडात शेपट्या वाकड्या, हृदयाचे दोष, असं नुकसान डोळ्यांसमोर दिसत होतं, शिवाय तिथल्या आणि टेक्सासच्या प्युमांमधे पूर्वी येजा होती, माणसाने मधली तोडली. म्हणजे तुटलेला प्रवाह परत जोडला. बोंटेबॉकच्या बाबतीत उलटं आहे, प्रवाह नव्हताच, तो आपण ट्रकमधे घालून आणला. आणि अंगोलात जायंट सेबल या हरणाचं काय झालं तेही आठवा. कांगांडाला नॅशनल पार्कमधे नरच उरले नाहीत, माद्या रोन या दुसऱ्या हरणाशी जुळल्या आणि संकर पिल्लं व्हायला लागली. २००९ मधे लुआंडो अभयारण्यातून सेबलचा नर आणून माद्यांसोबत वेगळ्या कुंपणात ठेवला तेव्हा कुठे पुन्हा शुद्ध पिल्लं आली. तिथेही "जनुकं येऊ द्या" म्हणाला असतात का?

गवताळरान:
सेबल आणि रोन वेगळ्या प्रजाती आहेत, तिथे नसतो म्हणालो. बोंटेबॉकसाठी मात्र आधी कळपातल्या पिल्लांचं जगणं, माद्यांची प्रजननक्षमता तपासा, तिथे घसरण दिसली तर मोजून दोनचार ब्लेसबॉक सोडायला तुमची हरकत असेल का, एवढंच सांगा.

कातळपाऊल:
घसरण सिद्ध झाली तर आधी दुसऱ्या कळपातले बोंटेबॉकच आणून बघायचे. त्यानेही भागलं नाही तर हरकत नाही. पण आत्ता फार्मवर जे चाललंय त्यात मोजूनही नाही आणि तपासूनही नाही, त्यामुळे तिथले संकर बाजूला काढायलाच हवेत.