मदत हवी आहे: 'पुरावा नाही म्हणजे ते नाहीच असं नव्हे' हे हिंदीत कसं म्हणावं?

गोवंडीच्या शिवाजीनगरात आम्ही काही जण टीबीबद्दल माहिती सांगायला जातो. ऐकणारे बहुतेक हिंदी बोलणारे, म्हणून तक्तेही हिंदीत करतो. नव्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य हवंय: 'ॲब्सेन्स ऑफ एव्हिडन्स इज नॉट एव्हिडन्स ऑफ ॲब्सेन्स'. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी ते लोकप्रिय केलं आणि १९९५ मध्ये ऑल्टमन व ब्लँड या संख्याशास्त्रज्ञांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या टिपणाला हेच शीर्षक दिलं.

हे इतकं महत्त्वाचं का, तर थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरचे निर्धास्त होतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिलीलिटर थुंकीत साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. त्याहून कमी असले तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि आजार आत वाढत राहतो. लहान मुलांना तर थुंकी नीट काढताच येत नाही. गाठींचा किंवा मणक्याचा टीबी असेल तर थुंकीत बहुधा काहीच सापडत नाही. खोकला आणि ताप चालू, वजन उतरतंय, तरी पुढचा एक्स-रे आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) राहून जातं. याचा मला फार त्रास होतो.

मी केलेले प्रयत्न:

'प्रमाण का अभाव, अभाव का प्रमाण नहीं।' लय छान आहे, पण पुस्तकी वाटतं. शिवाय वस्तीतल्या मराठी बायका 'प्रमाण' म्हटलं की औषधाचं प्रमाण समजतील.

'साक्ष्य की अनुपस्थिति...' हे कोर्टातलं झालं. सोडून दिलं.

'सबूत का न होना, न होने का सबूत नहीं।' सगळ्यात जवळचं, पण मोठ्याने वाचलं की ऐकणारा दोन 'न होना'मध्ये अडकतो.

हिंदी ज्यांच्या घरात बोलली जाते त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद: माझं माहेर कानपूरचं. पहिल्या ठिकाणी 'मिलना' घ्या: 'सबूत न मिलना, न होने का सबूत नहीं।' शोधलं पण हाती लागलं नाही, हे 'मिलना'मध्ये आपोआप येतं. तरीही तक्त्यावर मी हे वाक्य ठेवणार नाही. 'सबूत' म्हटलं की आमच्याकडे पोलीस आठवतात. आजारी माणसाला सरळ सांगा: 'जाँच में टीबी नहीं मिली, इसका मतलब यह नहीं कि टीबी है ही नहीं।'

प्रतिसाद: वरचं पटलं, पण एक भीती आहे. एवढंच लिहिलंत तर लोक म्हणतील, मग तपासणी करायचीच कशाला? आपल्याकडे मीमांसकांनी, म्हणजे वेदांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या तत्त्वज्ञांनी, याचा फार बारीक विचार केलाय. कुमारिल भट्टांच्या परंपरेत 'अनुपलब्धी' (वस्तू न आढळणं) हे वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानतात, पण अट घालून: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर तिथे घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सांगता येत नाही. थुंकीची एक काचपट्टी म्हणजे मंद उजेड. तेव्हा निगेटिव्ह रिपोर्ट निरर्थक नसतो, शोध किती कसून झाला यावर त्याचं वजन ठरतं. हे तक्त्यावर आलंच पाहिजे.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. 'सबूत'वालं वाक्य आता स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणापुरतं ठेवते. वस्तीतल्या तक्त्यावर असं लिहीन:

'जाँच में टीबी नहीं मिली, इसका मतलब यह नहीं कि टीबी है ही नहीं। खाँसी-बुखार न जाए तो डॉक्टर से पूछिए: अब कौन-सी जाँच बाकी है?'

'बाकी है' इथे बरोबर बसतं का? की 'करानी चाहिए' जास्त सहज वाटेल? छपाईला देण्याआधी कानपूरच्या ताईंनी एकदा वाचून सांगावं.