'पादपूरक' म्हणजे नेमकं काय?

कवितांची वही मित्राला वाचायला दिली होती. ती परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने जागोजागी एकच शेरा: 'पादपूरक'. हा दोष समजायचा की नुसती नोंद? 'भरतीचा शब्द' म्हणतात तोच का हा? जाणकारांनी सांगावं.

– पाद म्हणजे चरण. चरणात अक्षर कमी पडतं म्हणून घातलेला शब्द तो पादपूरक. मुळात ही शिवी नव्हे. अमरकोश या संस्कृत शब्दकोशात 'तु हि च स्म ह वै पादपूरणे' (हे शब्द चरण भरण्यासाठी) अशी सरळ नोंदच आहे. मराठीत हे काम 'तो', 'ती', 'की', 'रे', 'गे' करतात. 'भरतीचा' म्हणताना मात्र नाराजी असते, आणि भरतीचं अख्खं विशेषण असू शकतं, अख्खी ओळसुद्धा. मित्राने सौम्य शब्द निवडलाय. एखादी ओळ द्याल का?

– 'नदीच्या तटी सांज ती शांत झाली.' खूण 'ती'वर आहे.

– भुजंगप्रयात! 12 अक्षरं, 4 य-गण (एक लघू म्हणजे ऱ्हस्व अक्षर, मग दोन गुरू म्हणजे दीर्घ), वृत्त चोख सांभाळलंय. पण मित्राचं म्हणणं बरोबर आहे. अन्वय, म्हणजे साध्या गद्यातली मांडणी, लावून बघा: नदीच्या तटी सांज शांत झाली. अर्थाला धक्का लागला का? या सांजेचा उल्लेख आधी कुठे आला नसेल, तर 'ती' कशाकडेच बोट दाखवत नाही, फक्त एका गुरूची जागा अडवते. 'नदीच्या तटी सांज झाकोळलेली' असं करून पाहा. (इथला 'ळ' पूर्ण उच्चारायचा, वृत्तात तसंच म्हणतात.) गण तेच राहिले आणि उजेडही दिसू लागला.

आता याच वृत्तातली समर्थांची ओळ घ्या: 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावें'. 'चि'ने लघूची जागा भरलीय, पण तो काढला तर भक्तीच्याच वाटेने जा हा आग्रहच गेला. म्हणून एक-दोन अक्षरी शब्द दिसला की त्यावर काट मारू नका. आधी तो काढून वाचा.

– मग जात्यावरच्या ओवीतलं 'गं', 'बाई'? तेही पादपूरकच ना?

– मी तरी म्हणणार नाही. ती हाक आहे. समोर खुंट्याला हात लावून बसलेल्या बाईला घातलेली, आणि दळताना श्वास घ्यायलाही तिथेच जागा मिळते. वहीतल्या आणखी ओळी टाका, एकेक बघू.