न कळवता घरी येणाऱ्यांचं काय करायचं?

पेठेतली_लेक
मी शिवाजी पेठेतली, संसार आता जर्मनीत, श्टुटगार्टला. सध्या सुट्टीवर कोल्हापुरात आहे. माझं म्हणणं सरळ आहे: न कळवता कुणाच्या घरी जाणं आपण बंद करावं.

गेल्या रविवारी दुपारी ताटं वाढलेली आणि बेल वाजली. बाबांचे मित्र, बरोबर दोन भाचे. "इकडनं चाललोवतो, म्हटलं डोकावून जावं." बाबा लगेच, "आता जेवूनच जायचं." झालं! वहिनी आठवडाभर शाळेत शिकवते, सुट्टीचा तेवढा एकच वार. तिनं परत परात काढली, पीठ मळलं, रश्श्यात पाणी वाढवलं. आग्रह बाबांनी केला, भाकऱ्या तिनं थापल्या, आणि ती जेवायला बसली तेव्हा पाहुणे पान खात होते.

श्टुटगार्टला नुसत्या कॉफीला बोलवायचं तरी दोन-तीन आठवडे आधी दिवस ठरतो. चारला बोलावलं की चारलाच बेल वाजते. रविवारी दुकानं कायद्यानंच बंद. स्टेशनातली, पेट्रोल पंपावरची आणि थोडा वेळ बेकरी सोडली तर काही मिळत नाही. शनिवारी आणलं असेल त्यावर घर चालतं, मग अचानक तिघं आले तर पुढ्यात ठेवायचं काय? कुणी याला रुक्षपणा म्हणेल. मला त्यात स्वयंपाकघरातल्या माणसाचा विचार दिसतो.

भावा_शाहूपुरी
ताई, तारीख घेऊनच भेटायचं तर दाताचा डॉक्टर काय वाईट?

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, दूध-गॅस-पेट्रोल सगळ्याची बोंब. तेव्हा तालमीची पोरं कुणाला विचारून आली नव्हती. म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं. ती पोरं कोण? तीच, जी एरवी न सांगता घरात शिरतात आणि डब्यातला चिवडा संपवतात. कुठल्या खोलीत कोण आजारी झोपलंय हे त्यांना ठाऊक असतं, ते त्यामुळंच.

पेठेतली_लेक
पुराचंच काढलंस तर ऐक. २०२१ च्या जुलैत कोल्हापुरात पाणी आलं, त्याच्या आठवडाभर आधी जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात पूर आला होता. त्या पुरात जर्मनीत १८० हून जास्त माणसं गेली. लांबलांबून अनोळखी लोक फावडी घेऊन चिखल उपसायला आले. खेड्यातलं अग्निशमन दल तर तिथं बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकांचंच. बोलावणं आलं की हातातलं काम टाकून पळतात. यातला कुणी शेजाऱ्याच्या डब्यातला चिवडा खात नाही.

परतलेला_इंजिनियर
मीही श्टुटगार्टलाच राहून आलोय, तेव्हा दुसरी बाजू सांगतो. तिकडं जिना झाडायच्या पाळ्या असतात. पाळी आली की दाराच्या मुठीला पाटी लटकते, त्या आठवड्यात जिना-व्हरांडा तुम्ही साफ करायचा. एकदा तापानं आडवा झालो होतो, उठवतसुद्धा नव्हतं. दाराखालून चिठ्ठी आली. मला वाटलं, कुणी तब्येत विचारली. तर "जिना झाडलेला नाही, कृपया लक्ष द्यावे." खाली तारीख आणि सही! जिन्यातली धूळ दिसली, दाराआडचा माणूस दिसला नाही.

पेठेतली_लेक
तुम्ही आजारी असल्याचं सांगितलं होतं का कुणाला? तिथं सांगावं लागतं. सांगितल्यावर औषधही आणून देतात, माझा अनुभव आहे.

परतलेला_इंजिनियर
ताप अंगात असताना जर्मन व्याकरण जुळवून सांगायचं? राहू दे.

गल्फकर
मी गडहिंग्लजचा, दुबईत एसीची कामं करतो, त्यामुळं तिथल्या अरबांच्या घरात जाणं होतं. ते लोक पाहुण्यांच्या बाबतीत आपल्यापेक्षा चार पावलं पुढं आहेत, पण सोय बघा. पाहुण्यांची बैठक वेगळी, तिला मजलिस म्हणतात. बऱ्याच घरांत तिचं दारही वेगळं. खजूर मांडलेला, वेलदोड्याची कॉफी तयार. बिनकानाच्या इवल्याशा कपात घोटभरच ओततात, आणि संपली की परत ओततात. बास झालं की कप नुसता हलवायचा, बोलायची गरज नाही. मी कामगार माणूस, तरी मलाही दिलीय.

सांगायचं हे की येणं बंद करायची गरज नाही, "जेवूनच जावा" बंद करा. चहा आणि चार शेंगदाणे पुरे आहेत. बाकी आमच्या खोलीवर एका पलंगाची जागा, पाहुणा आला तर आम्हीच बाहेर उभे राहतो!

मंगळवार_पेठेतली_आजी
अगं बाळ, तुझ्या वहिनीचं खरं आहे. पण माझं ऐक. माझी दोन्ही पोरं कॅनडात. व्हिडिओ कॉल रविवारी सकाळी, ठरल्या वेळेला, एक मिनिट इकडचं तिकडं नाही. आठवड्यातले बाकीचे दिवस माझ्या दारात कोण येतं? गवळी, आणि न सांगता येणारी शेजारीण. तिनं तारीख विचारायला सुरुवात केली तर ती यायची बंदच होईल. चुलीपाशी आम्हीही जन्म काढलाय. आलेल्याला पिठलं-भात घातला, त्यात कुणी मेलं नाही.

खिडकी_क्रमांक_३
आजी, तुम्हाला नमस्कार. मी बँकेत कॅशला बसते. घरी आल्यावर सोफ्यावर दिरांचे मित्र असले की मला परत खिडकीत बसल्यासारखं वाटतं. तुमच्याकडं शेजारीण तुम्हाला भेटायला येते. आमच्याकडं येणारे मला भेटायला येत नाहीत, माझ्या हातचं खायला येतात. भावा, तू बोलतोस भारी, पण पाहुणे आले की उठतोस का?

भावा_शाहूपुरी
उठतो म्हणजे? मटण मीच आणतो, मीच शिजवतो. अळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, खसखस, नारळाचं दूध, पांढरा रस्सा आपल्या हातचा. विचारा पेठेत कुणालाही.

खिडकी_क्रमांक_३
आणि भाकरी?

खिडकी_क्रमांक_३
आणि भांडी? अर्धा तास झाला, उत्तर नाही.

भावा_शाहूपुरी
मॅच बघत होतो. भाकरी आई करती. पण तिला आवडतंय.

पेठेतली_लेक
आईला विचारलंस कधी?

खिडकी_क्रमांक_३
मी आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकणार आहे: दोन ते चार बेल वाजवू नये, आणि जेवणाच्या वेळेला येणाऱ्यानं आधी फोन करावा.

भावा_शाहूपुरी
मग सरळ पुण्यालाच ऱ्हावा की!

मंगळवार_पेठेतली_आजी
दोन ते चार मीही झोपते. तेवढं सोडून कधीही या.